गोव्यातली क्राफ्ट बियर: काय प्यायलात, कशी लागली?

खाडीकाठचा

क्राफ्ट बियर (छोट्या कारखान्यांत थोडी थोडी बनवलेली) घेताना आधी कॅनच्या बुडाची तारीख बघावी, नाव नंतर. हे मत माझं जुनंच आहे, पण शनिवारच्या बैठकीनंतर ते चारचौघांत मांडायला बळ आलं. म्हणून हा धागा.

श्रावण लागायच्या आत एकदा बसायचं होतं. जागा डिचोली, आमची पडवी. पाऊस कोसळतोय, मासेमारीबंदी चालू, त्यामुळे ताज्या मासळीचं नाव नाही. चकण्याला सुक्या सुंगटांची किसमूर आणि भाजलेले काजू. ओतायचं काम मेव्हण्याकडे. त्याला रात्री गाडी घेऊन फोंड्याला परतायचं होतं, म्हणून तो पिणारा नव्हता. कॅन आत स्वयंपाकघरात फोडायचे, एकसारख्या ग्लासांत थोडी थोडी ओतून बाहेर आणायची, नाव शेवटी सांगायचं. त्यातली माका दी ही कंपनी आमच्याच तालुक्यातली, लाटंबार्श्याची. गाववाली म्हणून तिला झुकतं माप मिळू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

तिची बेल्जियन ब्लांश बहुतेकांना आवडली. गव्हाची, गढूळ, कडवटपणा नावापुरता, आणि धणे व संत्र्याच्या सालीचा वास ही या प्रकाराची ओळख. बेल्जियममध्ये ही पद्धत जवळजवळ बंदच पडली होती. होगार्डन गावच्या पिअर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. हनी एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बियर) म्हटल्यावर एकाने पिण्याआधीच नाक मुरडलं असतं, पण नाव माहीत नसल्याने गप्प प्यायला आणि वर अजून मागितली. मधातली बहुतेक साखर यीस्ट फस्त करतं, मागे उरतो तो वास. ट्रिपेलवर मात्र दोन तट पडले. मला जड वाटली. बेल्जियममध्ये ट्रिपेल आठ-नऊ टक्क्यांची असते, आपल्याकडे बियरचा नियमच ८ टक्क्यांवर थांबतो. तरी दुसऱ्या ग्लासाला कुणी हात लावला नाही, हेही खरं.

मग आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स नावाच्या फुलांनी कडू आणि सुवासिक केलेली बियर. त्यात सांगोल्ड्याची एट फिंगर एडी आणि आर्बरची बीच शॅक. एडी २०१८ पासून मिळते, अंजुण्यात राहिलेल्या आणि २०१० साली वारलेल्या त्या हिप्पी एडीच्या नावाची. मला एडी पसंत. माझ्या भावाला बीच शॅक. रात्री उशिरापर्यंत भांडलो.

शेवटचे दोन ग्लास मुद्दाम राखून ठेवले होते. एकाच आयपीएचे दोन कॅन. कुठली ते लिहीत नाही, कारण दोष बियरचा नाही. एक कॅन ताज्या भरणीचा, दुकानदाराने फ्रिजमधून काढून दिलेला. दुसरा दुसऱ्या एका दुकानात काउंटरमागच्या फळीवर अख्खा उन्हाळा काढलेला. मुदत दोघांचीही संपलेली नव्हती. पहिल्याला नाकाजवळ नेल्याबरोबर तोरंजनाची साल सोलल्यासारखा वास. दुसऱ्याचा रंग एक छटा गडद, वास गायब, घोट घेतला की आधी काकवीसारखं काहीतरी आणि मग भिजलेला पुठ्ठा. कडूपणा तेवढा शिल्लक. या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बियर आहेत, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. एकाने तर दुसरी 'स्वस्तातली' ठरवली.

तर मंडळी, तुम्ही काय प्यायलात, कुठे प्यायलात, आणि मुख्य म्हणजे कशा अवस्थेत होती, ते लिहा.

साष्टीकर

वाचलं. छान. आता माझं ऐका. मडगांवात गार किंग्जची छोटी बाटली, सोबत रोस ऑम्लेट. याच्यापुढे तुमचं तोरंजन आणि पुठ्ठा काय करायचाय? बियर तहान भागवायला असते. तिचा वास घेत बसायला ती काय अत्तर आहे?

आणि दर? एका क्राफ्ट कॅनच्या पैशात आमच्याकडे दोन साध्या येतात, कधी तीन.

अंत्रुजकर

खाडीकाठचा, +१. आम्ही फोंड्याचे, बेतोड्यात किंगफिशरचा कारखाना. त्यामुळे बियर म्हणजे लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली, स्वच्छ सोनेरी) आणि लागर म्हणजे हीच, अशा समजुतीत वाढलो. पहिल्यांदा गव्हाची बियर समोर आली तेव्हा खराब झालीय म्हणून परत करणार होतो. गढूळ होती ना!

साष्टीकर, तुमच्याकडे आर्लेमलाही बियरचा कारखाना होता की. साष्टीची परंपरा मोठी आहे, मान्य. पण दराचं म्हणाल तर मोठ्या आणि छोट्या कारखान्याचा हिशोब वेगळा. मोठा कारखाना लाखो बाटल्या काढतो, त्याचा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), बाटली, वाहतूक सगळं घाऊक. छोट्याला हॉप्स परदेशातून आणायचे, कॅन बाहेरून घ्यायचे आणि कर भरायचाच. शिवाय आयपीएत हॉप्स साध्या लागरच्या कितीतरी पट पडतात.

पेठेतला

पुण्याहून एक नम्र सूचना. क्राफ्ट बियरच्या देशातल्या पहिल्या पानांपैकी एक पुण्यात लिहिलं गेलं. दूलाली, २००९. बंगळूरचं टॉइट त्याच्यानंतरचं. त्यामुळे गोवेकरांनी 'आमची बियर' म्हणताना जरा इतिहास बघावा. बाकी धागा उत्तम, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

(एडी मीही प्यायलोय. चांगली आहे. पण आमच्याकडे नळाची ताजी मिळते, डबाबंद नव्हे.)

खाडीकाठचा

@पेठेतला, मान तुमचाच, दंडवत घ्या. पण नळाची म्हणजे ताजी हे कुणी सांगितलं? पिंपातली बियर ताजी असेल, नळी धुतलेली नसेल तर काय उपयोग? मी एका ठिकाणी (गोव्यात नव्हे, तुमच्याच बाजूला, नाव सांगत नाही) प्यायलो तिला चक्क ताकाचा आंबूस वास होता. वेटरने सांगितलं, 'सर, ये सावर बियर है.' यादीत तर ती पिल्सनर होती, म्हणजे लागरच.

रसायनी

नेहमी वाचनमात्र असते, पण इथे राहवलं नाही. नोकरी औषधनिर्माणातली, दर्जातपासणी. त्यामुळे वास हेच पोटापाण्याचं साधन.

तुम्ही जे केलंत त्याला आमच्या भाषेत साठवणुकीची चाचणी म्हणतात. बियरवाल्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे, ३-३०-३००. म्हणजे ३२ अंशांवर तीन दिवसांत बियरची जेवढी हानी होते, तेवढी २२ अंशांवर तीस दिवसांत आणि फ्रिजमधल्या ३-४ अंशांवर तीनशे दिवसांत. आता एप्रिल-मे महिन्यातलं म्हापशाचं एखादं बंद दुकान डोळ्यांसमोर आणा. दुपारी शटर ओढलेलं, आत पंखाही बंद. मुदतीची तारीख तिथे फारशी कामाची नाही, भरणीची तारीख आणि मधला मुक्काम बघायला हवा.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिजनमुळे येतो. हॉप्सचा सुगंध सगळ्यात आधी उडतो, कडूपणा तेवढा लवकर जात नाही. म्हणून शिळी आयपीए नुसती कडू लागते आणि लोक म्हणतात, 'आयपीए आपल्याला झेपत नाही.' अहो, तुम्ही आयपीए अजून प्यायलाच नाहीत!

वासांची माझी यादी देते, बैठकीत उपयोगी पडेल. पिकलेलं केळं आणि लवंग: बव्हेरियन गव्हाच्या बियरमध्ये हे हवंच, ते यीस्टचं काम, त्यात केळं घातलेलं नसतं. लोणी किंवा बटरस्कॉच: बहुतेक बियरमध्ये दोष, आंबवणं घाईत उरकलं की राहतो किंवा नळ्या घाण असल्या की येतो. हिरवं सफरचंद: कच्ची राहिली. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास: फिक्या लागरमध्ये किंचित चालतो, भपकारा आला तर दोष. व्हिनेगर: आंबट बियर मागवली नसेल तर परत करा.

उन्हाचा वेगळाच प्रकार. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा वास इतका तीव्र की अगदी अंशमात्रही नाकाला कळतो. तपकिरी बाटली बराच प्रकाश अडवते, हिरवी फार थोडा, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये प्रश्नच नाही. पण कॅनमधून ग्लासात ओतून शॅकवर उन्हात ठेवलीत तर काही मिनिटांत तोच घोळ. खुर्ची सावलीत ओढा.

साष्टीकर

तो वास मला माहीत आहे! मांजराने मुतल्यासारखा. मला वाटायचं परदेशी बियर असल्या म्हणजे अशाच असतात.

रसायनीताई, म्हणजे माझी गार किंग्ज गुणाने बरी ठरते की नाही? माल पटपट खपतो, फळीवर राहतोच कुठे?

रसायनी

@साष्टीकर, हो, त्या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात. जिथे जो माल खपतो तिथे तो प्यावा. पण ती इतकी गार पिता की जिभेला चव कळतच नाही. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबून बघा एकदा. लागरला ५-७ अंश पुरे, एलला १० च्या आसपास.

साष्टीकर

दहा मिनिटं? मे महिन्यात? ताई, तुम्ही मडगांवला आला नाहीत कधी.

गल्लेवाला

पेडणे तालुक्यात माझा छोटा बार आहे. वडिलांच्या वेळेपासूनचा. ग्राहकाच्या बाजूने सगळे बोलतात, आता गल्ल्याच्या बाजूने थोडं ऐका.

क्राफ्ट ठेवायची हौस मलाही आहे. वितरक सांगतो, अख्खी पेटी घ्या. सीझनला, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पेटी चार दिवसांत उडते. रशियन, इंग्रज, बंगळूर-मुंबईची पोरं, सगळे मागतात. मार्चपासून गिऱ्हाईक गावचं. गावचं गिऱ्हाईक क्वार्टर मागतं, नाहीतर थंड लागर, आणि एप्रिलमध्ये हुर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू). त्या दिवसांत राहिलेले कॅन मी ठेवायचे कुठे? माझ्याकडे दोन फ्रिज. एकात सोडा, लिमका, पाणी, लागर. दुसऱ्यात मासळी आणि मसाला. क्राफ्टचे कॅन फळीवर जातात, हे खरं आहे. त्यात वीज. मे महिन्यात वादळी पाऊस झाला की रात्र रात्र येत नाही. इन्व्हर्टरवर फ्रिज चालत नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. मार्च ते सप्टेंबर आयपीए ठेवणंच बंद. पेटी फोडून अर्धी शेजारच्या बारवाल्याला देतो, अर्धी मी घेतो. कॅनवर भरणीचा महिना मार्करने मोठ्ठा लिहितो, म्हणजे पोरगा जुना आधी काढतो. आणि जुना झालाच तर स्वतः पितो किंवा ओतून टाकतो, गिऱ्हाइकाला देत नाही. ओतताना जीव जातो, पण एकदा पुठ्ठ्याची चव घेतलेला माणूस परत ती बियर मागत नाही आणि बारचं नावही काढत नाही.

तुम्ही लोकांनी एवढंच करा: दुकानात गेलात की तारीख विचारा. चार जणांनी विचारलं की दुकानदार फ्रिजमध्ये जागा करतो. कोणी विचारतच नसेल तर कोण करेल?

अंत्रुजकर

गल्लेवाला, सलाम. बारचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेडण्याला येणं होतंच.

सोलकढी

मला पिण्यापेक्षा सोबत काय खायचं यात रस. नवरा आयपीए आणतो आणि मी केलेल्या चिकन शाकुतीबरोबर पितो, मग म्हणतो शाकुती जळजळीत झालीय. मी मिरची वाढवलेली नाही, शप्पथ! कुणी प्रकाश टाकेल का?

रसायनी

@सोलकढी, शाकुती निर्दोष आहे. हॉप्सचा कडूपणा आणि बियरमधले बुडबुडे दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात, दारूचं प्रमाण जास्त असेल तर आणखीनच. तिखटाबरोबर कमी कडू आणि थोडी माल्टची गोडी असलेली बियर घ्या. हनी एल किंवा गव्हाची चालेल.

खाडीकाठचा

यात माझी भर. ब्लांश आणि रव्यात तळलेला बांगडा: एक ऑगस्टनंतर बंदी उठली की करून बघाच (श्रावण न पाळणाऱ्यांनी). तिसऱ्यांच्या सुक्याबरोबरही तीच. चोरीस-पावाला ट्रिपेल पेलते, चोरिसाची चरबी आणि व्हिनेगर दोन्हींना पुरून उरते. स्टाऊट (भाजलेल्या माल्टची काळी बियर) मिळाली तर बिबिंकेबरोबर. आणि स्टाऊटबरोबर कालवं हा तर आयर्लंड-इंग्लंडातला जुना रिवाज, आपल्याकडे कालवं आहेत, करत कुणी नाही.

किसमुरीबरोबर आमच्याकडे शनिवारी सगळ्यात जास्त काय खपलं असेल? साधी लागर. साष्टीकरांनी हे वाचू नये.

साष्टीकर

वाचलं. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पेठेतला

अवांतर: आयपीएचा उगम इंग्लंडातून हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांसाठी झाला. सहा महिन्यांच्या प्रवासात बियर नासू नये म्हणून त्यात जास्त हॉप्स आणि जास्त दारू घातली. म्हणजे आयपीए मुळात आपल्याच देशासाठी बनलेली. मग ती इथे टिकत नाही हा मोठाच विनोद.

अंत्रुजकर

@पेठेतला, ही गोष्ट प्रत्येक बारच्या मेनूकार्डावर छापलेली असते, पण अर्धीच खरी आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना जवळ, आणि तो कप्तानांना उधारीवर माल द्यायचा. म्हणून त्याची पेल एल इथे पोचली. हॉप्स जास्त घालायची पद्धत खरी, पण ती बियर त्या काळच्या हिशोबाने काही खास कडक नव्हती. शिवाय काळी पोर्टरही ढिगाने यायची आणि नासत नव्हती. साहेब लोक पेल एल प्यायचे, शिपाई पोर्टर. १८२०च्या दशकात बर्टनच्या कारखानदारांनी या बाजारात उडी घेतली आणि हॉजसनचा धंदा बसला. बर्टनच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर, त्यामुळे हॉप्सची चव खुलते, हे त्यांचं नशीब.

आणि टिकण्याचं म्हणाल तर त्या बियरचा ताज्या हॉप्सचा वास वाटेतच उडत असणार. ती मुरवूनच प्यायची चीज होती. आजची आयपीए वासासाठी बनवतात. नाव एक, माल निराळा.

पेठेतला

हम्म. उधारीचा मुद्दा पुण्यात कुणालाच माहीत नसणार, आमच्याकडे उधारी बंद असते. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

बांद्याचा

सावंतवाडी-बांद्याकडच्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. वाचून हौसेने चार कॅन डिकीत टाकून निघाल ना, तर पत्रादेवी ओलांडल्यावर महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातं उभं असतं. गोव्याचा माल परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बियर असली तरी. आमच्या ओळखीतल्या एकाची नवी गाडी जप्त होऊन पडली होती. तिथेच बसा, तिथेच प्या, आणि गाडी चालवायला न पिणारा माणूस घ्या. खाडीकाठच्या मेव्हण्यासारखा.

शुद्ध_शाकाहारी

मी घेत नाही. पण धागा शेवटपर्यंत वाचला. सोलकढीताई, शाकुतीची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका, मश्रूम घालून करतो.

गल्लेवाला

कुणीतरी हुर्राकाचं विचारेल म्हणून आधीच लिहितो, आता नाही. मे संपला की संपला. मी लिमका, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून द्यायचो, त्याला तारखेची भानगड नाही, त्याच हंगामात संपवायचा. या मोसमात एका बंगळूरच्या पोराने त्यातच गव्हाची बियर ओतून प्यायली. मी बघत होतो. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, पण दुसरा ग्लास मागितला नाही.

सोलकढी

@रसायनी, काल हनी एल आणली. तीच शाकुती, तेवढीच मिरची. नवरा म्हणतो आज मस्त जमलीय. मी काही सांगितलेलं नाही, तुम्हीही इथे बोलू नका, तो हा धागा वाचतो.

खाडीकाठचा

@सोलकढी, आता वाचलंच असेल त्यांनी.

पुढचा कट्टा चतुर्थी आटोपल्यावर, जागा फोंड्याकडे शोधतोय, म्हणजे मेव्हण्याला लांब जायला नको. या वेळी प्रत्येकाने एकच कॅन आणायचा, भरणीच्या तारखेचा फोटो आधी इथे टाकायचा. अंत्रुजकर, पेला-ग्लास तुमच्याकडे आहेत ना? स्टीलचे नकोत.

अंत्रुजकर

काचेचे आहेत, पण सगळे वेगवेगळ्या लग्नांत मिळालेले. चालतील का?

साष्टीकर

मी येतो. किंग्ज आणतो, तारीख बघून.